सेप्सिसमधून वाचल्यानंतर: घरी परतलेल्या रुग्णाचे पुढील महिने

पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी २ एप्रिल २००५ च्या रात्री देह ठेवला. दुसऱ्या दिवशी व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या वैद्यकीय दाखल्यात मृत्यूचे कारण 'सेप्टिक शॉक' आणि हृदय व रक्ताभिसरण बंद पडणे असे नोंदवलेले होते. कंपवात आणि श्वसनाचा विकार ह्यांनी त्यांचे शरीर आधीच थकले होते. त्यात मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची भर पडली आणि ३१ मार्च रोजी चढलेल्या तापानंतर अवघ्या दोन दिवसांत सारे संपले. पुढे वीस वर्षांनी, १४ फेब्रुवारी २०२५ रोजी, पोप फ्रान्सिस ह्यांना रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात दाखल करावे लागले. दोन्ही फुप्फुसांना न्युमोनिया झाला होता. जंतू रक्तात शिरून सेप्सिस होणे हाच खरा धोका आहे, असे आठवडाभराने डॉक्टरांनी पत्रकारांना सांगितले. तो धोका टळला. २३ मार्च रोजी पोप महोदय घरी परतले, परंतु किमान दोन महिने संपूर्ण विश्रांती घ्यावी व गर्दी टाळावी, अशी सक्त सूचना घेऊनच. त्या दोन महिन्यांच्या आतच, २१ एप्रिल रोजी, पक्षाघाताने त्यांचे निधन झाले.

ह्या दोन घटनांमुळे 'सेप्सिस' हा शब्द अनेक ख्रिस्ती घरांत पोहोचला. तथापि तो पोहोचला मृत्यूच्या संदर्भात. सेप्सिस होऊनही जे वाचतात, घरी येतात आणि त्यानंतर अनेक महिने स्वतःलाच ओळखू येत नाहीत, अशांविषयी फारसे बोलले जात नाही. आपल्या धर्मग्रामांतही अशी माणसे आहेत. रविवारच्या मिस्सेनंतर त्यांची चौकशी होते, "आता बरे आहेत ना?" असे विचारले जाते आणि घरची मंडळी काय उत्तर द्यावे ह्या विचारात पडतात. हा लेख त्या घरांसाठी आहे.

सेप्सिस म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे जखम चिघळली, तिच्यात पू झाला, की "सेप्टिक झाले" असे म्हणतात. काही जण "रक्तात विष भिनले" असेही म्हणतात. दोन्ही बोलण्यांत तथ्याचा अंश आहे, पण आजार त्याहून मोठा आहे. शरीरात कोठेही जंतुसंसर्ग झाला, मग तो फुप्फुसात असो, मूत्रमार्गात, पोटात किंवा पायाच्या जखमेत, की आपली रोगप्रतिकारशक्ती त्याच्याशी लढते. कधीकधी ही लढाई ताळतंत्र सोडते. जंतूंवर उगारलेली शस्त्रे शरीराच्या स्वतःच्याच अवयवांवर चालू लागतात. रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडे मंदावतात, श्वास अपुरा पडतो, मेंदूला गुंगी येते. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या अशा बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणे व जिवाला धोका उत्पन्न होणे, ह्यालाच सेप्सिस म्हणावे, अशी व्याख्या तज्ज्ञांनी २०१६ साली निश्चित केली.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार २०१७ ह्या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्याच्याशी निगडित मृत्यू १ कोटी १० लाख होते, म्हणजे जगातील एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा. ह्या आकड्यांतील मृत्यूंची संख्या भयावह आहेच. पण वजाबाकी केली तर दिसते, की वाचलेल्यांची संख्या मृतांच्या तिपटीहून अधिक आहे.

हा आजार कोणालाही होऊ शकतो. वृद्ध, तान्ही बालके, नुकतीच बाळंत झालेली स्त्री, मधुमेही आणि कर्करोगावर उपचार घेणारे ह्यांना धोका अधिक. कोकणपट्टीत पावसाळ्यात भातलावणीच्या वेळी चिखलात अनवाणी उभे राहणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या साध्या ओरखड्यावाटे जंतू आत शिरतात. त्याचे तीव्र रूप हेही सेप्सिसचेच एक रूप असते.

सुटकेचा कागद आणि प्रत्यक्ष शरीर

रुग्णालय रुग्णाला घरी पाठवते ते जिवावरचा धोका टळला म्हणून. ताप उतरला, रक्तदाब औषधाविना स्थिर राहिला, मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागली, की अतिदक्षता विभागाचे काम संपते. शरीराची झीज भरून येण्यास मात्र त्यानंतर कुठे सुरुवात होते.

ही झीज किती असते? लंडनमधील रुग्णालयांत अतिदक्षता विभागातील गंभीर रुग्णांची पाहणी करून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की पहिल्या दहा दिवसांतच मांडीच्या प्रमुख स्नायूचा आकार सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास घटला होता. ज्याचे एकाहून अधिक अवयव निकामी झाले होते, त्याची घट आणखी अधिक. दहा दिवसांत गेलेले हे बळ परत येण्यास दहा आठवडेही पुरत नाहीत. त्यामुळे पन्नाशीतला धडधाकट माणूस, जो महिन्यापूर्वी वाडीत पाण्याचे पंप उचलत होता, तो खुर्चीतून उठताना हातांचा आधार घेतो आणि न्हाणीघरापर्यंत जाऊन आल्यावर घामाघूम होतो, ह्यात आश्चर्य काहीच नाही.

ह्याशिवाय अनेक लहानमोठ्या तक्रारी असतात. तळपायांना मुंग्या येतात. घशात नळी घातली असल्यास आवाज घोगरा राहतो, कधी पाणी गिळतानाही ठसका लागतो. अन्नाला चव लागत नाही. दोन-तीन महिन्यांनी अचानक केस गळू लागतात आणि स्त्रिया विशेष घाबरतात. हे केस सहसा पुन्हा उगवतात, हे वेळीच सांगितले तर मोठी चिंता वाचते. झोप मोडते. ह्या सर्व त्रासांना वैद्यकशास्त्रात सेप्सिसोत्तर लक्षणसमूह म्हणतात. नाव अवघड आहे, पण नाव असणे उपयोगाचे असते. "मला काहीतरी होते आहे आणि कोणाचा विश्वास बसत नाही" ह्या एकटेपणातून ते माणसाला बाहेर काढते.

मनावरची खूण

शरीराचा अशक्तपणा घरच्यांना दिसतो. मनाचा दिसत नाही, आणि खरा गैरसमज तेथेच होतो.

अमेरिकेतील वृद्धांच्या दीर्घकालीन पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. तीव्र सेप्सिसमधून वाचलेल्या रुग्णांपैकी आजारापूर्वी सुमारे ६ टक्क्यांची स्मरणशक्ती व आकलनशक्ती मध्यम ते गंभीर स्वरूपात क्षीण होती. आजारानंतर हे प्रमाण जवळजवळ १७ टक्क्यांवर गेले. आकडा बाजूला ठेवून रोजच्या जगण्यात ह्याचा अर्थ पाहू. बँकेचा अर्ज भरताना ओळ चुकते. ओळखीचे नाव जिभेवर येऊन थांबते. वर्तमानपत्राचा एक परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. चाळीस वर्षे घरात जपमाळ चालवणारी आजी चौथ्या रहस्यानंतर पुन्हा दुसऱ्यावर जाते, आणि नातवंडे हसतात तेव्हा उठून आत जाते.

दुसरी खूण भीतीची. अतिदक्षता विभागात तीव्र आजार, गुंगीची औषधे, झोपेचा अभाव आणि दिवसरात्र जळणारे दिवे ह्यांमुळे पुष्कळ रुग्णांना तीव्र संभ्रम होतो. नळ्या उपसू नयेत म्हणून बांधलेले हात त्यांना कैद वाटतात, औषध देणारी परिचारिका विष देणारी वाटते, छतावरून किडे उतरताना दिसतात. हे सारे त्यांनी त्या वेळी खरे म्हणून अनुभवलेले असते. घरी आल्यावर रात्री तेच पुन्हा दिसू लागते. अनेक जण ते कोणाला सांगत नाहीत, कारण "वेडा झाला" असे म्हणतील ही धास्ती. काही भाविकांना तर ही सैतानाची बाधा होती की काय, असेही वाटते. तसे ते नसते. आजारी मेंदूने अर्धवट जाणिवेत रचलेली ती चित्रे होत.

ह्यावर एक साधा उपाय स्कॅन्डिनेव्हियातील देशांत रूढ झाला आणि तेथून इतरत्र पसरला. परिचारिका व नातेवाईक मिळून रुग्णाच्या उशाशी एक वही ठेवतात. आज ताप किती होता, कोण भेटून गेले, व्हेंटिलेटर केव्हा काढला, बाहेर पाऊस पडत होता, असे दोन-चार ओळींत रोज लिहितात. पुढे रुग्णाला ती वाचायला मिळते. हरवलेल्या दिवसांची त्याला संगती लागते आणि भयानक चित्रांच्या जागी खरी हकीकत बसते. ह्या वहीचा प्रत्येकाला सारखाच लाभ होतो असे संशोधन सांगत नाही, पण तिला खर्च नाही आणि आपल्याकडेही ती कोणीही ठेवू शकतो. वही ठेवली नसेल तर घरी बसून क्रमाने सांगावे, पुन्हा पुन्हा विचारले तरी सांगावे.

औदासीन्य दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकले, जगणे नकोसे झाल्याचे बोल निघाले, किंवा भीतीमुळे झोपच येईनाशी झाली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. ह्यात लाज मानण्याचे कारण नाही. मूत्रपिंडासाठी त्या विषयाच्या तज्ज्ञाकडे जातोच ना आपण?

"विश्वास कमी पडला" असे म्हणू नये

रुग्ण घरी आला, की प्रार्थनागटाची मंडळी येतात. त्यांचा हेतू निर्मळ असतो. तरी पंधरा जण एका खोलीत दीड तास बसले, तर ज्याला दहा मिनिटे बसवत नाही त्याचे काय होते, ह्याचा विचार व्हावा. शिवाय त्याला पुन्हा जंतुसंसर्ग होणे परवडणारे नसते. दोघांनी यावे, हात धुवून बसावे, सर्दी-खोकला असेल त्याने येऊच नये, आणि पंधरा मिनिटांत उठावे. जाताना भाजी चिरून दिली, औषधे आणून दिली किंवा रुग्णाच्या पत्नीला तासभर झोपू दिले, तर ती भेट सत्कारणी लागली.

काही वेळा बोलण्यातून नकळत जखम होते. "देवाने वाचवले, आता रडायचे कशाला?" हे वाक्य फार ऐकू येते. रुग्णाला कृतज्ञता वाटत नसते असे नाही. तो थकलेला असतो. प्रार्थनेत मन लागत नाही, ख्रिस्ताची उपस्थिती पूर्वीसारखी जाणवत नाही, म्हणून तो आधीच खंतावलेला असतो. एकाग्रता साधणारा मेंदूच दुखावलेला असताना प्रार्थना कोरडी वाटणे साहजिक आहे. तो विश्वासाचा अभाव मानू नये. अशा दिवसांत एकच छोटी, पाठ असलेली प्रार्थना पुरे. तीही जमली नाही तर दुसऱ्याने शेजारी बसून म्हणावी आणि त्याने ऐकावी.

संत पेत्राच्या सासूचा ताप प्रभू येशूने हात धरताच निघाला आणि ती उठून सर्वांची सेवा करू लागली, हे आपण शुभवर्तमानात ऐकतो. घराघरांत तशाच बरे होण्याची अपेक्षा असते, विशेषतः घरातल्या बाईकडून. तिने आठवड्याभरात चुलीपाशी उभे राहावे, असे कोणी म्हणत नाही, पण सारे वाट पाहत असतात. त्याच शुभवर्तमानात याईराच्या मुलीची हकीकत आहे. तिला उठवल्यावर प्रभूने तिला काही खावयास द्या असे सांगितले, हे फार थोड्यांच्या लक्षात राहते. आणि दयाळू शमरोनी माणसाने जखमा बांधून त्या वाटसरूला सोडून दिले नाही. त्याला उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी मालकाच्या हाती दोन दिनार ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन, असे सांगून गेला. रुग्णालयानंतरच्या शुश्रूषेचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो, ही व्यवहाराची जाण त्या दाखल्यात आहे. घरातील कमावता माणूस सहा महिने कामावर जाऊ शकत नसेल, तर धर्मग्रामातील मदतकार्य करणाऱ्या संघटनांनी पहिल्या आठवड्यात फळांची टोपली नेण्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात शाळेची फी भरावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तोवर चौकशी करणारे पांगलेले असतात.

संस्कार आणि सवलत

रुग्णाभ्यंगाविषयीही थोडे लिहिणे आवश्यक आहे. पूर्वी ह्या संस्काराला 'अंतिम अभ्यंग' म्हणत आणि फादर तेल घेऊन आले म्हणजे आशा संपली, अशी समजूत होती. ती आजही पूर्णपणे गेलेली नाही. त्यापायी सेप्सिससारख्या झपाट्याने वाढणाऱ्या आजारात फादरांना बोलावण्यास उशीर होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ह्याला रुग्णाभ्यंग म्हणणे अधिक योग्य असल्याचे सांगितले आणि पोप पॉल सहावे ह्यांनी १९७२ साली त्याचा विधी नव्याने घालून दिला. रुग्ण बरा होऊन पुन्हा गंभीर आजारी पडला, तर हा संस्कार पुन्हा घेता येतो. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांचेच उदाहरण पाहा. १३ मे १९८१ रोजी त्यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी त्यांना अभ्यंग देण्यात आले. ते त्यानंतर जवळजवळ चोवीस वर्षे जगले. त्या वेळीही ३ जून रोजी घरी आलेल्या पोप महोदयांना दुसऱ्याच एका विषाणूच्या संसर्गाने ताप भरला आणि २० जून रोजी पुन्हा रुग्णालय गाठावे लागले होते.

रविवारच्या मिस्सेला जाता येत नाही म्हणून मनाला टोचणी लावून घेऊ नये. आजारी व्यक्ती त्या बंधनातून मुक्त असते. तिची सतत शुश्रूषा करणाऱ्यालाही तीच सवलत आहे. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा एक तासाचा उपवास वृद्ध, रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे ह्यांना लागू नाही. प्रायश्चित्तकाळातील उपवासही रुग्णाने करू नये. वजन घटलेल्या शरीराला त्या काळात अन्न हेच औषध असते. धर्मग्राम कचेरीत कळवल्यास ख्रिस्तप्रसाद घरी आणून दिला जातो.

बळ परत मिळवताना

पहिले काही दिवस पलंगाच्या कडेला बसणे, खुर्चीतून आधाराने उठणे-बसणे, ओटीपर्यंत चालणे, एवढेच ध्येय असावे. मग फाटकापर्यंत. जमल्यास फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत. एखाद्या दिवशी बरे वाटले म्हणून बाजारहाट करून येणारा माणूस पुढचे दोन दिवस अंथरुणात काढतो, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे, की बऱ्या दिवशीच स्वतःला आवरणे हे शिकावे लागते. खाणे थोडे थोडे, पण वारंवार असावे. अंडी, डाळी, दूध, ताजे मासे ह्यांनी स्नायू भरून येतात. मूत्रपिंडांना इजा झालेली असल्यास मात्र प्रथिने व मीठ किती घ्यावे, हे डॉक्टरांनाच विचारावे, आणि सुके मासे तोपर्यंत दूर ठेवावेत. अशा रुग्णाने अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणून घेऊ नये, झाडपाल्याचे काढेही घेऊ नयेत. अँटिबायोटिकचा क्रम डॉक्टरांनी सांगितला तितकाच, पुरा करावा. फ्लू व न्युमोनियाच्या लसी केव्हा घ्याव्यात, हे तपासणीच्या वेळी आवर्जून विचारावे. मधुमेह्याने रोज रात्री तळपाय पाहावेत.

पुन्हा दवाखान्यात केव्हा?

वयस्क अमेरिकन रुग्णांच्या आकडेवारीवरून दिसते, की सेप्सिसनंतर घरी गेलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना नव्वद दिवसांच्या आत पुन्हा दाखल व्हावे लागते, आणि त्याचे एक मोठे कारण नवा जंतुसंसर्ग हेच असते. संशोधकांच्या ढोबळ हिशेबाने निम्मे रुग्ण पुढे सावरतात, एक तृतीयांश वर्षभरात दगावतात आणि उरलेल्यांचे अपंगत्व टिकून राहते. घाबरवण्यासाठी हे लिहिलेले नाही. जागरूक कुटुंब ह्यातील पुष्कळ काही टाळू शकते, म्हणून लिहिले आहे.

ताप किंवा हुडहुडी, उलट अंग गार पडणे, श्वास व नाडी जलद होणे, लघवी फार कमी होणे, कातडी निळसर किंवा डागाळलेली दिसणे, असह्य वेदना, आणि विशेषतः बोलण्यात अचानक आलेली असंबद्धता, ह्यांपैकी काहीही दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. वृद्धांना सेप्सिसमध्ये ताप येतोच असे नाही. "आज बाबा गप्प गप्प आहेत" एवढीच पहिली खूण असू शकते. रुग्णालयाचा सुटकेचा कागद, औषधांची यादी आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ह्याची नोंद एकाच फाईलमध्ये, सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावी. तातडीच्या विभागात जो डॉक्टर प्रथम भेटेल, त्याला फाईल देतानाच स्पष्ट सांगावे: "ह्यांना पूर्वी सेप्सिस झाला होता. हा पुन्हा सेप्सिस असू शकेल का?"